सतरा वर्षांची पोर मुरलेल्या चॅम्पियनला हरवते, तेव्हा बॅडमिंटन कोर्टवर नेमकं काय घडतं?

जुलै 2025 मध्ये चायना ओपनच्या दुसऱ्या फेरीत सतरा वर्षांच्या उन्नती हुडानं पी. व्ही. सिंधूला 21-16, 19-21, 21-13 असं हरवलं. त्याआधी नोव्हेंबर 2024 मध्ये लखनौच्या सय्यद मोदी स्पर्धेत सेमीफायनलला याच दोघी समोरासमोर आल्या होत्या. ती मॅच सिंधूनं 21-12, 21-9 अशी एकतर्फी काढली होती. मधल्या आठ महिन्यांत सिंधू खेळ विसरली नव्हती आणि उन्नतीच्या हाती काही जादूची रॅकेट लागली नव्हती. तरी निकाल फिरला.

आपल्याकडे परभणी, लातूर, जालना, कुठलाही हॉल घ्या. ओपन सिंगल्स वर्षानुवर्षं ज्याच्या नावावर आहे असा एक गडी तिथं असतोच. मग एखाद्या साली अंडर-17 खेळणारं पोरगं त्याला तीन गेममध्ये काढतं, आणि बाहेर टपरीवर चहा संपायच्या आत निकाल लागतो: दादाचं वय झालं, नाहीतर पोराचा दिवस होता. दोन्ही बोलणी अर्धवट आहेत. अर्धवट का, ते आधी आकड्यांनी बघू.

सध्याच्या पद्धतीत प्रत्येक रॅलीला, म्हणजे सर्व्हिसपासून शटल पडेपर्यंतच्या खेळाला, पॉइंट मिळतो, सर्व्हिस कुणाचीही असो. गेम 21 चा. 20 ऑल (दोघांचेही 20) झालं की दोन पॉइंटची आघाडी लागते, आणि 29 ऑलला तिसावा पॉइंट घेणारा जिंकतो. 2006 च्या आधी ज्याची सर्व्हिस त्यालाच पॉइंट मिळायचा. त्यामुळे मागे पडलेल्याला सर्व्हिस तोडत तोडत परत यायला वेळ मिळे. आता तो वेळ गेला. समजा, सीनियर खेळाडू 100 पैकी 53 रॅली जिंकतो आणि ज्युनियर 47. हे प्रमाण मॅचभर सारखं राहिलं असं धरून हिशोब केला, तर सीनियर एक गेम साधारण 65 टक्के वेळा जिंकेल आणि तीन गेमची मॅच 72 टक्के वेळा. म्हणजे चारातली एक मॅच तो हरणारच, आणि तेही खेळ जराही न बिघडता. 53 चे 51 झाले की मॅच जिंकण्याची शक्यता साठच्याही खाली येते. 100 रॅलीत दोन रॅली! एक ड्रॉप (नेटजवळ हळूच टाकलेला फटका) नेटच्या पट्टीला लागून आपल्याच बाजूला पडला, एक टॉस (मागच्या रेषेकडे मारलेला फटका) बोटभर बाहेर गेला, एवढ्यात काम झालं. उलट सीनियर 60 रॅली जिंकत असेल, तर उलटफेर जवळपास होतच नाही. म्हणून 21-9 नं हरणाऱ्याला नशीब साथ देत नाही. 21-17, 21-18 नं हरणाऱ्याला मात्र ते एखाद दिवशी देतं.

मार्च 2022 ची जर्मन ओपनची सेमीफायनल बघा. लक्ष्य सेननं तेव्हाचा ऑलिंपिक चॅम्पियन व्हिक्टर ॲक्सेलसेनला 21-13, 12-21, 22-20 असं हरवलं. पॉइंटची बेरीज करा: लक्ष्य 55, ॲक्सेलसेन 54. वर्तमानपत्रात ज्याला 'सनसनाटी' म्हणतात, ते एका पॉइंटचं अंतर होतं.

म्हणून खरा प्रश्न असा की पोरगं 45 रॅलींवरून 49-50 वर येतं कसं. त्यासाठी सीनियरची कमाई कशात आहे ते कळायला हवं.

सीनियरची कमाई म्हणजे वेळ

सिंगल्सचं कोर्ट 13.40 मीटर लांब आणि 5.18 मीटर रुंद. आपल्या वाट्याला अर्धं येतं. त्याच्या बरोबर मधोमध उभं राहिलं, तर कुठलाही कोपरा सव्वाचार मीटरवर असतो. हात आणि रॅकेटची पोच वजा केली, तर दोन-तीन पावलं. पाय चांगले असतील तर एवढं अंतर कुणीही काटतं. पण निघायचं कधी, यावर सगळं आहे. नवखा खेळाडू शटल रॅकेटवरून सुटल्यावर निघतो. मुरलेला त्याआधीच वजन त्या बाजूला टाकून बसलेला असतो, कारण तो समोरच्याचा खांदा, कोपर आणि रॅकेटच्या तोंडाची दिशा वाचतो. मागच्या बॅकहँड कोपऱ्यात वाकून मारणारा पोरगा स्ट्रेट मारणार की क्रॉस (तिरका), हे त्याला शटलला रॅकेट लागायच्या आधीच बरंचसं कळलेलं असतं. त्यामुळे पस्तिशीतला गडी 'न पळता' सगळीकडे पोचतो. तो पळतो, फक्त लवकर निघतो.

दुसरी कमाई म्हणजे थांबणं. नेटजवळ रॅकेट पुढं धरून तो क्षणभर काहीच करत नाही. समोरच्याचं पाऊल हललं की मग ठरवतो, ड्रिबल करायचं, म्हणजे शटल नेटलगतच हळूच टाकायचं, की मागं उचलायचं. तुमचा वेळ काढून तो स्वतःच्या खिशात घालतो.

मग त्याला हरवायचं कसं? हा वेळ परत हिसकावून. कोवळ्या खेळाडूंचे बहुतेक मोठे विजय इथेच घडतात, आणि त्यात ताकदीपेक्षा शटल कुठे घेतलं याचा भाग मोठा असतो. तेच शटल अर्धा हात पुढं आणि अर्धा हात वर घेतलं, तर समोरच्याला वाचायला वेळ कमी मिळतो. हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते टॉसमध्ये. उंच बचावाचा टॉस हवेत दोन सेकंदांच्या आसपास राहतो. तेवढ्यात सीनियर मागं जातो, शटलखाली स्थिरावतो आणि हवं ते मारतो. हल्ल्याचा टॉस चपटा असतो. तो समोरच्याच्या उंचावलेल्या रॅकेटच्या वीतभर वरून जातो आणि वेळ जवळजवळ निम्म्यावर आणतो. आता सीनियरला मागं झुकून, शटल डोक्यामागं गेल्यावर मारावं लागतं. तिथून स्मॅश निघत नाही, फसवणूकही निघत नाही. येतो तो अर्धा टॉस, मधल्या कोर्टवर.

यात गोची अशी की वीतभरचा अंदाज चुकून शटल चार बोटं खाली आलं, तर सीनियर उडी मारून मध्येच अडवतो आणि पॉइंट तिथेच संपतो. बरेचसे ज्युनियर इथेच मरतात. एक चपटा टॉस अडवला गेला की घाबरून ते पुढचे सगळे उंच मारायला लागतात. त्यावर तोडगा सोपा आहे. चपटा टॉस शक्यतो मोकळ्या कोपऱ्याकडेच मारायचा, सीनियर जिथून नुकताच निघाला त्या बाजूला. तो मधोमध तयार उभा असताना मारायचा नाही.

दुसरं हत्यार हाफ स्मॅश. पूर्ण जोर लावून मारलेला स्मॅश दिसायला भारी, पण मारणारा हवेतून खाली येईपर्यंत समोरच्याचा ब्लॉक (रॅकेट नुसती अडवी धरून परत टाकलेलं शटल) नेटजवळ पडलेला असतो. सत्तर टक्के जोरात, स्ट्रेट, साइडलाइनच्या वीतभर आत मारा आणि मारल्या पावली पुढं निघा. ब्लॉक आला की नेटच्या वर शटल घेता येतं. स्ट्रेट यासाठी की फोरहँड कोपऱ्यातून क्रॉस स्मॅश मारला आणि समोरच्यानं सरळ ब्लॉक केलं, तर आपल्या बाजूचा अख्खा कर्ण पळून काढावा लागतो. क्रॉस मारायचा तो समोरचा तोल गेलेला असतानाच. आणि उंच, लांब हाताच्या सीनियरला साइडला मारण्यापेक्षा रॅकेटच्या बाजूच्या कमरेवर मारलेलं जास्त टोचतं. तिथं कोपर अडकतं.

वयाचा भाग खोटा नाही, पण तो लोक समजतात तिथं दिसत नाही. तिशीनंतरही हात तसाच चालतो. स्मॅशही फारसा मंदावत नाही. जातं ते लंजमधून, म्हणजे पुढं टाकलेल्या लांब पावलातून, परत उठणं. पुढच्या फोरहँड कोपऱ्यात खोल लंज मारून लगेच मागच्या बॅकहँड कोपऱ्यात जायचं, हा सिंगल्समधला सगळ्यात लांब प्रवास. पहिल्या गेममध्ये सीनियर तो हसत करतो. तिसऱ्या गेममध्ये गुडघा 'थांब जरा' म्हणतो. म्हणून या कर्णावरचे फटके पहिल्या गेममध्ये पॉइंट देत नसले तरी वाया जात नाहीत. ती बँकेत टाकलेली रक्कम आहे. जून 2025 च्या यूएस ओपन सेमीफायनलला वीस वर्षांच्या आयुष शेट्टीनं पस्तिशीतल्या चाउ तिएन चेनविरुद्ध पहिला गेम 21-23 असा घालवला आणि पुढचे दोन 21-15, 21-14 असे घेतले. पहिला गेम हरल्यावर रडत बसणाऱ्या पोरांना ही स्कोअरलाइन हॉलच्या भिंतीवर लिहून द्यावी. अर्थात त्याच स्पर्धेत महिलांच्या फायनलला सोळा वर्षांची तन्वी शर्मा चौतीस वर्षांच्या बेइवेन झांगकडून 11-21, 21-16, 10-21 अशी हरली. तरुण पाय म्हणजे तिसरा गेम आपलाच, असं कुणी समजू नये. तिशीपलीकडचा जो खेळाडू मधल्या गेममध्ये दम राखून खेळतो, तो तिसऱ्यात तुम्हालाच पळवतो.

मधला गेम आणि अनोळखीपणा

वरच्या उन्नती आणि लक्ष्यच्या स्कोअरकडे परत बघा. पहिला गेम पोराचा, दुसरा सीनियरचा, तिसरा पोराचा. हा योगायोग नाही.

पहिल्या गेममध्ये पोराकडे अनोळखीपणा असतो. ड्रॉपच्या वेळी त्याची मनगट वळवण्याची सवय, सर्व्हिसची लय, दमल्यावर तो कुठं मारतो, यातलं सीनियरला काही माहीत नसतं. डावखुरं पोर असेल तर दुप्पट त्रास. जन्मभर ज्या कोपऱ्यात 'बॅकहँड' म्हणून शटल टाकलं, तिथून आता फोरहँडचा स्मॅश येतो. शिवाय शटलची पिसं एकावर एक तिरकी बसवलेली असल्यामुळे ते हवेत एकाच दिशेनं फिरतं. म्हणून डावखुऱ्याचा कापून मारलेला ड्रॉप उजव्या हाताच्या ड्रॉपसारखा पडत नाही. नागपूरची मालविका बनसोड डावखुरी आहे. तिनं जानेवारी 2022 च्या इंडिया ओपनमध्ये साइना नेहवालला 21-17, 21-9 असं हरवलं, तेव्हा साइना दुखापतींमधून सावरत होती हे खरं. पण अनोळखी डावा हात हेही एक कारण मोजायला हवं.

11 पॉइंटला 60 सेकंदांची विश्रांती असते, दोन गेमच्या मध्ये 120 सेकंदांची. सीनियर याच दोन मिनिटांत हिशोब मांडतो. दुसऱ्या गेममध्ये तो वेग मुद्दाम मोडतो: उंच लिफ्ट (खालून मागं उचललेलं शटल), संथ ड्रॉप, परत उंच लिफ्ट. वेगावर जगणाऱ्या पोराला स्वतःच वेग आणावा लागतो आणि चुका तिथून सुरू होतात. त्यात तो दर पॉइंटला घाम पुसायला परवानगी मागेल, शटल बदलायला मागेल. अंपायर देईल तोवर हे नियमात बसतं. आपल्याकडे जिल्हा स्पर्धेत बऱ्याचदा आधीच्या मॅचमध्ये हरलेलं पोरच अंपायर म्हणून खुर्चीवर बसलेलं असतं. ते 'दादा, चला' कशाला म्हणेल?

दुसरा गेम 12-21 गेला तर घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते तो गेम 20-22 पर्यंत ओढत नेऊन, पाय संपवून हरलात तर. गेम हातातून सुटलाच आहे असं 8-16 ला दिसत असेल, तर पुढचे पाच-सहा पॉइंट प्रयोगाला वापरावेत. एखादी डीप (मागच्या रेषेकडची) सर्व्हिस टाकून बघावी, एखादा क्रॉस ड्रॉप. समोरचा काय उत्तर देतो ते तिसऱ्या गेमला कामाला येतं.

हॉल, हवा आणि पिसं

मराठवाड्यातल्या खेळाडूला सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे शटल. गरम आणि विरळ हवेत ते वेगानं जातं, थंड आणि दाट हवेत जड होतं. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, त्यात मे महिन्याचा चाळीस डिग्रीचा हॉल. मुंबईच्या स्पर्धेत जो टॉस बेसलाइनवर पडतो, तोच इथं बाहेर जातो. पिसांच्या शटलच्या डब्यावर 76, 77, 78 असा आकडा असतो. आकडा लहान तितकं शटल हळू. उन्हाळ्यात 76 मागा, डिसेंबर-जानेवारीला त्याहून वरचा आकडा. तपासायची पद्धत नियमातच दिली आहे. बेसलाइनवरून खालून वर पूर्ण फटका मारायचा. शटल समोरच्या बेसलाइनच्या 53 ते 99 सेंटीमीटर अलीकडे पडलं तर बरोबर.

आणि कोरडेपणा. शटलला सोळा पिसं असतात. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत ती काचेसारखी होतात आणि दोन स्मॅशमध्ये तुटतात. आदल्या संध्याकाळी डब्याची दोन्ही झाकणं काढायची. पिसांच्या बाजूनं केटलीची वाफ पाच-सात सेकंद जाऊ द्यायची. बुचाला वाफ लागू द्यायची नाही. झाकणं लावून डबा रात्रभर आडवा ठेवायचा. वाफ जास्त झाली तर पिसं मऊ पडून पसरतात, शटल डुगडुगतं आणि हळू होतं. जिथं सराव प्लॅस्टिकच्या शटलवर होतो, तिथल्या पोरांनी स्पर्धेआधी निदान आठवडाभर पिसांवर खेळायला हवं. पिसांचं शटल शेवटी वेग एकदम सोडून सरळ खाली पडतं. प्लॅस्टिकची सवय असलेलं पोरगं ते बाहेर जाईल म्हणून सोडून देतं आणि ते रेषेवर पडतं.

हॉलमधला वारा हा अनुभवी खेळाडूचा जुना मित्र. वरची व्हेंटिलेटर, अर्धवट उघडं शटर, कोपऱ्यात लावलेला कूलर, यांनी एका बाजूकडून शटल लांब जातं आणि दुसरीकडून तोकडं पडतं. ज्या बाजूनं वाऱ्याविरुद्ध मारायचं ती चांगली बाजू, कारण तिथून मोकळ्या हातानं मारता येतं. वाऱ्याच्या बाजूनं मारताना टॉस रेषेच्या मीटरभर आत धरायचा, ड्रॉप आणि हाफ स्मॅश वाढवायचे. मुरलेला खेळाडू नाणेफेक जिंकल्यावर बऱ्याचदा वाईट बाजू मागून घेतो. पोरगं मनात हसतं. पण गणित करा. पहिला गेम वाईट बाजूला, दुसरा चांगल्या बाजूला, तिसरा परत वाईट बाजूला सुरू होतो आणि 11 पॉइंटला बाजू बदलते. मॅच संपते तेव्हा चांगली बाजू त्याच्याकडे असते.

हॉल ओळखीचा नसणं सीनियरवरही उलटतं. 32 च्या ड्रॉमध्ये आठ सीडेड (मानांकन मिळालेले) असतील, तर उरलेल्या 24 पैकी आठ जणांची पहिलीच मॅच सीडेडशी पडते. सीनियर अजून गरम झालेला नाही, वारा कुठून येतो ते कळलेलं नाही, आणि समोरचं पोर सकाळी सातपासून हॉलमध्ये आहे. पहिल्या फेरीतला सीडेड सगळ्यात कच्चा असतो. क्वार्टर फायनलला तोच गडी ओळखू येत नाही.

'सर'ला स्मॅश मारायचा कसा?

छोट्या जिल्ह्यातली ही खरी अडचण, आणि पुस्तकी कोचिंगमध्ये ती येत नाही. समोरचा सीनियर बहुतेक वेळा पहाटेच्या बॅचचा कोच असतो, नाहीतर ज्याच्याकडून पहिली जुनी रॅकेट मिळाली तो दादा. 'सर, एक गेम देता का?' असं रोज ज्याला विचारलं, त्याच्या कमरेवर स्मॅश मारताना हात आखडतो. शटल रेषेला लागलं तर आधी त्याच्या तोंडाकडे बघितलं जातं. 18 ऑलला हे सगळ्यात महाग पडतं. तिथं पोराचे फटके अचानक कोर्टच्या मध्यभागी यायला लागतात.

18 ऑलसाठी उपाय आधी ठरवलेला लागतो, तिथं जाऊन सुचत नाही. सर्व्हिस कुठली करायची आणि तिसरा फटका कुठं मारायचा, एवढं दोनच गोष्टींचं ठरवून जावं. शॉर्ट सर्व्हिस टी वर, म्हणजे पुढची सर्व्हिस रेषा आणि मधली रेषा मिळतात तिथं, टाकायची. समोरचा उचलेल तर हाफ स्मॅश स्ट्रेट, ड्रिबल करेल तर बॅकहँड कोपऱ्यात लिफ्ट. सर्व्हिस करताना शटल रॅकेटला लागतं त्या क्षणी ते जमिनीपासून 1.15 मीटरच्या खाली हवं, आणि घाईत हीच चूक होते. हात थरथरत असेल तर एक श्वास सोडून मग सर्व्हिस करावी. समोरच्याला ताटकळत ठेवायचं नाही, पण त्याच्या घाईनंही करायची नाही.

जिंकल्यावर पेढे वाटून झाले की दुसऱ्या भेटीची तयारी. अनोळखीपणा आता संपला. मॅचचं मोबाइलवर शूटिंग झालंय आणि सीनियरनं ते मागून घेतलंय. जर्मन ओपनच्या त्या मॅचनंतर आठच दिवसांनी ऑल इंग्लंडच्या फायनलला लक्ष्य आणि ॲक्सेलसेन पुन्हा भेटले. तेव्हा स्कोअर होता 21-10, 21-15, ॲक्सेलसेनच्या बाजूनं. मालविकाही साइनाला हरवल्यानंतर त्याच महिन्यात सय्यद मोदीच्या फायनलला सिंधूकडून 13-21, 16-21 अशी हरली. म्हणून पोरानंही तेच शूटिंग बघावं, पण आपले विनर मोजायला नाही. दमल्यावर आपण सलग कुठल्या कोपऱ्यात लिफ्ट केली, ड्रॉपच्या आधी रॅकेट कशी उघडली, सर्व्हिस सारखी एकाच जागी टाकली का, हे कागदावर मांडावं. सीनियर हेच बघत बसलेला असतो. पुढच्या स्पर्धेत त्याची पहिली सर्व्हिस डीप येईल, बॅकहँडच्या बाजूनं, अगदी मागच्या रेषेवर. पहिल्या मॅचमध्ये त्यानं ती एकदाही टाकलेली नसेल.